समुद्रावर जाऊन नेमकं करायचं काय? (गावाकडून चार घरं निघतोय)

धानवाला_अर्जुनी
नमस्कार मंडळी. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं आमचं गाव. यंदा मळणी उरकली, धान विकलं की चार घरं मिळून समुद्र पाहायला जायचं ठरलंय. म्हातारी माणसं आहेत, बायामाणसं आहेत, पाचवी ते दहावीतली पोट्टी आहेत. आमच्या आईनं आजवर इटियाडोह धरणाच्या पुढचं पाणी पाहिलेलं नाही. गुराढोरांची सोय शेजाऱ्यानं घेतली आहे, म्हणजे आठवडाभर निवांत जाता येईल.

प्रश्न असा. जे जे जाऊन आले त्यांना विचारलं, काय केलं? तर म्हणतात, समुद्र पाहिला, फोटो काढले, भेळ खाल्ली, परत आलो. इतक्या दूर जायचं आणि इतकंच? मोटारबोटीच्या खेळांचे दर ऐकून चार घरांचा हिशोब बसत नाही. उघड्यावर, पाण्याजवळ, सगळ्या वयाच्या माणसांना जमेल असं काय काय करता येतं, ते अनुभवानं सांगा. मालवणकडे जायचा विचार आहे, पण पक्कं नाही.

संत्राबाग
मालवणच करा. एकट्या सिंधुदुर्ग किल्ल्यासाठीच जायला हवं. धक्क्यावरून होडी मिळते, पाण्यातला रस्ता खडकांमधून वळणं घेत जातो, पोरांना तेवढंच पुरतं. 1664 साली महाराजांनी काम सुरू केलं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. आईंना त्या नक्की दाखवा. सकाळच्या पहिल्या होड्यांना जा, दहानंतर तटावर ऊन फार लागतं.

वऱ्हाडचा_वारा
भाऊ, आमी गेल्तो तवा पोट्ट्याईनं बनाना राईडसाठी असा जीव खाल्ला की विचारू नका. दहा मिनिटात खेळ खलास. त्यापेक्षा वाळूत खड्डे खोदून त्यात पाणी अडवत बसले ते तीन तास. शेवटी आमच्या भाच्यानं लाटेला बांध घातला आन् म्हणे, मामा, जलयुक्त शिवार झालं.

गोंदियाची_लेक
माझं मत जरा वेगळं आहे. अर्जुनीवाल्यांनी कोकण कशाला? नकाशा उघडून पाहा. आपल्या गोंदियावरून पुरीला थेट गाडी आहे, विशाखापट्टणमला समता एक्सप्रेस आहे. रात्री बसा, दुसऱ्या दिवशी समुद्र. कोकणात जायचं तर अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. म्हाताऱ्या माणसांना ते झेपेल का, याचा विचार आधी करा.

विशाखापट्टणमला किनाऱ्यावरच कुरसुरा नावाची खरी पाणबुडी ठेवली आहे, आत शिरून पाहता येते. सूर्य समुद्रातून उगवताना दिसतो. पुरीहून चिलिका सरोवराच्या सातपाड्याला गेलं की होडीतून डॉल्फिन पाहता येतात. आणि आईंचं जगन्नाथाचं दर्शनही होतं.

गडचिरोलीतून
+1. आमच्याकडून बल्लारशावरूनही विशाखापट्टणमची गाडी मिळते. आपल्या भागातली माणसं समुद्र म्हटलं की कोकणच धरून बसतात.

किनारा_आणि_मी
गोंदियाची_लेक यांचं प्रवासाचं गणित बरोबर आहे, पण एक गोष्ट जोडते. मी नोकरीनिमित्त दोन्ही किनाऱ्यांवर राहिले आहे. पुरी आणि विशाखापट्टणम दोन्हीकडे लाट मोठी असते, पायाखालची वाळू ओढून नेते. पुरीला नोलिया लोक असतात, परंपरेनं मासेमारी करणारे, ते हात धरून समुद्रात नेतात. त्यांच्याशिवाय पोरांना आत सोडू नये. धानवाला यांना जे हवं आहे, म्हणजे पोरं, बाया, म्हातारे सगळ्यांनी पाण्याजवळ तासन् तास रमावं, त्यासाठी मालवण-वेंगुर्ला पट्टा मला जास्त सोयीचा वाटतो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. समुद्र खवळलेला वाटला की खाडीकडे वळायचं. देवबागला तर कर्ली नदी आणि समुद्र यांच्यात जमिनीची चिंचोळी पट्टी उरते, दोन्ही पाणी चालत पाहता येतं.

ढिवरटोली
सगळ्यात आधी माझं ऐका. मी तलावातला माणूस आहे, लहानपणापासून डोंगा (छोटी होडी) आणि जाळं. आमची पोरं चालायच्या आधी पोहतात म्हटलं तरी चालेल. आणि म्हणूनच सांगतो, तलावात पोहणारा पोरगा समुद्रावर सगळ्यात जास्त धोक्यात असतो. त्याला भीतीच नसते.

तलावाचं पाणी जागेवर असतं. तुम्ही दमलात तर पाठीवर पडून राहा, पाणी कुठं नेत नाही. समुद्रात लाटेनं आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या पट्ट्यातून जोरात आत ओढलं जातं. वरून पाहिलं तर तोच पट्टा शांत दिसतो, लाट फुटत नाही. नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो. ओढला गेला की किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत सुटतो आणि दमून बुडतो. अशा वेळी किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहायचं, ओढ सुटली की मग किनाऱ्याकडे यायचं. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करून हाका मारायच्या. हे चारही घरांतल्या पोरांना घरीच, निघायच्या आधी समजावून सांगा. तिथं गेल्यावर कोणी ऐकत नाही.

आमच्या ओळखीतला एक जवान पोरगा असाच गेला. गणपतीपुळ्याला. बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, म्हशींच्या पाठीवरून सूर मारणारा पोरगा होता.

संत्राबाग
ढिवरटोली काका, वाचून अंगावर काटा आला. गणपतीपुळ्याला समुद्रात न उतरण्याच्या पाट्या आहेत आणि तरी लोक उतरतात.

धानवाला_अर्जुनी
काका, तुमची पोस्ट वाड्यात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. आमचा दहावीतला पुतण्या नवेगावबांधच्या तलावात लांबवर जाऊन येतो, त्याला खास समोर बसवलं होतं. धन्यवाद.

मालवणी_माणूस
मालवणाक येवा, आमका आनंद आसा. बाकीचा प्रमाण मराठीत लिवतंय, नायतर अर्ध्या विदर्भाक समजूचा नाय.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर एकच आहे: रापण ओढायला या. किनाऱ्याजवळून होडी अर्धवर्तुळात जाळं टाकत जाते आणि जाळ्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणते. मग दोन्ही दोरांना माणसं लागतात, वीस, पंचवीस, कधी त्याहून जास्त. दोर ओला, जड, हाताला काचतो. पाय वाळूत रोवून मागे झुकायचं आणि पावलापावलानं मागे जायचं. हळूहळू दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात, जाळ्याचा घोळ जवळ येतो आणि शेवटच्या दहा-बारा हातांत पाणी खळबळायला लागतं. बांगडे, पेडवे, तारली, मधेच एखादा फुगलेला केंड मासा, खेकडे, सगळं एकदम वाळूवर. पोरांचे डोळे तेव्हा पाहावेत.

पैसे पडत नाहीत. फक्त विचारून दोराला हात लावायचा आणि तांडेल, म्हणजे त्यांचा म्होरक्या, सांगेल तसं ओढायचं. मदत केली म्हणून मूठभर मासे हातावर ठेवतात, ते नाकारू नका. मोठ्या यांत्रिक बोटींमुळे रापणीत पूर्वीसारखी मासळी लागत नाही. कधी सगळं जाळं ओढून टोपलीभरही निघत नाही. तेव्हा मासे कमी निघाले म्हणून पाहुण्यांनी हसू नये, एवढी विनंती.

वऱ्हाडचा_वारा
हे असं काई असते हेच माईत नोतं! आमाले हॉटेलवाल्यानं कायले सांगतलं नाई?

किनारा_आणि_मी
कारण त्यात त्याला काही मिळत नाही.

निसर्गप्रेमी_वर्धा
पोरं आहेत म्हणता तर वेळासला न्या. मंडणगड तालुक्यात. तिथं सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेनं 2002 पासून गावकऱ्यांना घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. आता गावात घरोघरी राहायची सोय होते आणि पिल्लं समुद्राकडे जाताना दोरीमागे उभं राहून पाहता येतात. तळहातापेक्षा लहान जीव, लाटेनं तीनदा मागे फेकला तरी पुन्हा तिकडेच वळतो.

मालवणी_माणूस
वेळास सुंदरच, पण डिसेंबरात पिल्लं दिसायची नाहीत. मादी साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालायला येते आणि अंडं उबायला पन्नासेक दिवस लागतात. पिल्लांचा खरा हंगाम फेब्रुवारीअखेर ते एप्रिल.

धानवाला_अर्जुनी
फेब्रुवारी-मार्च आम्हाला जमत नाही. इटियाडोहाचं पाणी सुटलं की उन्हाळी धानाची रोवणी, त्यात दहावीची परीक्षा. वेळास पुढच्या एखाद्या वर्षासाठी लिहून ठेवतो.

शेतातला_मास्तर
थोडं कडू बोलतो. इतका खर्च करून तिकडे जायचं काय अडलंय? तुमच्या उशाशी नवेगावबांध आहे. 18व्या शतकात कोलू पाटील कोहळ्यांनी बांधलेला तलाव, सात डोंगरांच्या कुशीत. हिवाळ्यात पट्टकादंब पाखरं उतरतात. गोंदियात सारस आहेत, जे महाराष्ट्रात इतरत्र जवळजवळ दिसत नाहीत. कोकणातले लोक आपल्याकडे येतात का? आपणच आपलं पाणी कमी लेखतो.

गोंदियाची_लेक
मास्तर, तलावावर माझाही जीव आहे. पण ज्या माउलीनं जन्मभर चिखलात रोवणी केली तिला एकदा समुद्र पाहावासा वाटला, तर तिला सारस दाखवून परत पाठवायचं का? दोन्ही पाहू द्या की.

शेतातला_मास्तर
आईंना अडवायचं माझ्या मनात नाही, त्यांनी जावंच. माझं दुःख वेगळं आहे. पूर्व विदर्भात मालगुजारांच्या काळातले इतके मालगुजारी तलाव, त्यावर जगणाऱ्या ढिवर समाजाच्या सहकारी संस्था, आणि बाहेरच्या माणसाला तिथं डोंग्यात बसायला, जाळं टाकताना पाहायला कोणी नेत नाही. वरची रापणीची पोस्ट वाचून मला आपलेच तलाव दिसत होते.

ढिवरटोली
मास्तर, न्यायला आम्ही तयार आहोत. पण तलावात बेशरमाची झुडपं आणि गाळ भरलाय, देवधान (तलावात आपोआप उगवणारं रानधान) उरलं नाही, मासळी घटली. ज्या बोड्यांमधून लोकांनी गाळ काढून पाणवनस्पती परत लावल्या तिथं पाखरं आणि मासे दोन्ही परतले, हे मी पाहिलंय. आधी तलाव जिवंत होऊ द्या, पाहुण्यांना मग मी स्वतः डोंग्यात बसवतो. धानवाला भाऊ, मालवणहून आले की आमच्याकडे या, दोन पाण्यांची तुलना करू.

आजीचा_नातू
विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या आजीला पहिल्यांदा समुद्रावर नेलं. ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “याची पाळ कोणत्या अंगाला आहे रे?” पाळ म्हणजे तलावाचा बांध. पाळ नाही म्हटल्यावर तिला पटेचना. म्हणे, पाळ नाही तर पाणी थांबलं कसं? सगळ्या दौऱ्यात तिचा हाच प्रश्न. शेवटी एका कोळणीबाईनं तिला शेजारी बसवून भरती-ओहोटी समजावली, दोघींची इतकी गट्टी जमली की निघताना आजीनं घरची लाखोळीची डाळ तिला दिली.

धानवाला_अर्जुनी
आमची आई हेच विचारणार! 😄

पंचांगवाले_काका
भरती-ओहोटीचं निघालंच तर तिचा हिशोब शिकून जा. सगळा बेत त्यावर बसतो आणि पाहुणे नेमकं तेच विचारत नाहीत. कोकणातला जुना ठोकताळा: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनला भरती. अष्टमीला सहा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हे मुंबईकडे बरोबर बसतं, मालवणकडे भरती थोडी आधी येते. रोज वेळ पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि खूप मागेही जातं. अष्टमीच्या सुमारास भांग, चढउतार कमी.

तुम्हाला उपयोग असा. पौर्णिमा किंवा अमावास्या झाल्यावर द्वितीया-तृतीयेला मालवणात ओहोटी सकाळी उजाडता उजाडता येते आणि पाणी लांबवर मागे सरतं. रॉक गार्डनसारख्या खडकाळ जागी तेव्हा जा. खडकांच्या खळग्यांत अडकलेल्या पाण्यात खेकडे, शंखातले संन्यासी खेकडे, बोटभर मासे, फुलासारखी उघडणारी समुद्रफुलं दिसतात. पोरांना गुडघ्यावर बसवून नुसतं पाहायला सांगा. एखादं समुद्रफूल तांबूस, पाण्यात हलके हात पसरलेलं असतं, धक्का लागला की मिटतं. जिवंत शंख उचलू नये. निमुळत्या शंकूसारख्या काही शंखांचा डंख विषारी असतो. पायात जुन्या चपला हव्यात, खडकावरच्या कालवांनी तळवा चिरतो.

संत्राबाग
काका, हे वाचून मी कालनिर्णय काढून बसलो आहे.

किनारा_आणि_मी
काकांच्या हिशोबाचा आईंनाही फायदा. गुडघे दुखणाऱ्यांना कोरड्या वाळूत चालवत नाही, पाय रुततो. ओहोटीच्या वेळी पाणी सरून जी ओली, घट्ट वाळू उघडी पडते तिच्यावर चालणं अंगणात चालण्याइतकं सोपं. तारकर्लीला असं लांबवर चालता येतं. आणि अमावास्या जवळ असेल तर रात्री गावाच्या दिव्यांपासून जरा दूर जाऊन लाटांकडे पाहा. हिवाळ्यात कधी कधी फुटणारी लाट निळसर चमकते, पाण्यातल्या सूक्ष्म जिवांमुळे. दिसेलच असं नाही, पण दिसलं तर पोरं जन्मभर विसरणार नाहीत.

आणखी एक, वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिला बचत गटाच्या बाया होडीतून कांदळवन दाखवतात. स्वतः वल्हवतात, स्वतः माहिती देतात. पाणी शांत, म्हातारी माणसं निर्धास्त बसतात. तुमच्याकडच्या बायांनी त्यांच्याशी जरूर बोलावं. आमच्या वेळी सोबतच्या एका ताईंनी परत येऊन गावच्या गटात तोच विषय काढला होता.

नवी_सदस्य_यवतमाळ
स्कूबा करावं का? पोहता येत नाही.

मालवणी_माणूस
पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षक धरून खाली नेतात. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबाची संस्था आहे, तिथं चौकशी करा. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं असेल तर नको. लहान पोरांना नको.

गडचिरोलीतून
माझा एक वाईट अनुभव, जागेचं नाव घेत नाही. बोटवाल्यानं दिलेल्या लाइफ जॅकेटचे बंद तुटलेले होते. विचारलं तर म्हणाला, काही होत नाही. आम्ही पैसे सोडून उतरलो. बंद ओढून पाहिल्याशिवाय आणि बोटीत किती माणसं बसवतात ते मोजल्याशिवाय बसू नका. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत पाण्यातले खेळ बंद असतात, तेव्हा कोणी चोरून नेतो म्हणाला तर मुळीच नको.

धानवाला_अर्जुनी
जेवणाचं काय? आई माळकरी आहे.

मालवणी_माणूस
अजिबात काळजी नको. घावणे, आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी. आणि भात. धानवाल्यांना भात कमी पडू देणार नाही.

वऱ्हाडचा_वारा
ठेचा मातर घरून न्या भौ. तिकडं तिखट म्हणून जे देतात त्यानं आपल्या जिभेले जागही येत नाई.

शेगावकर
प्रवासाचं सांगतो. नागपूर–मडगाव विशेष गाडी वर्धा, बडनेरा, अकोला, शेगाव करत कल्याण-पनवेलवरून कोकणात उतरते, मालवणसाठी कुडाळला उतरायचं. आठवड्यातून मोजकेच दिवस असते आणि मुदत वाढवत वाढवत चालवतात, म्हणून आरक्षणाआधी चालू आहे का ते पाहा. नाताळ ते एक जानेवारी मात्र टाळा. खोल्यांचे दर दुप्पट आणि किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही.

धानवाला_अर्जुनी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री चारही घरं बसून हा धागा वाचला. जानेवारीत पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पोचायचं ठरलं, म्हणजे काकांच्या हिशोबानं द्वितीया-तृतीयेची ओहोटी सापडेल. किल्ला, रापण, खडकातलं पाणी, वेंगुर्ल्याची खाडी. मोटारबोटीचा खेळ पोरांनी स्वतःहून एकावर आणला आणि तोही बंद तपासून. पुरीचं आईनं कान टवकारून ऐकलंय, जगन्नाथाचं नाव निघालं ना.

मालवणी भाऊ, एक शेवटचं. रापण नेमकी कधी आणि कुठं असते हे कसं कळणार? आम्ही नवखे, कोणाला विचारायचं?

मालवणी_माणूस
रोज असतेच असं नाही, वारा आणि पाणी पाहून ठरतं. आदल्या संध्याकाळी दांडीच्या किनाऱ्यावर जा, होड्यांजवळ जाळी शिवत बसलेल्या माणसांना विचारा. असली तर सकाळी कितीला ते सांगतील. उजाडायच्या आधी पोचा, पोरांना अर्ध्या चड्ड्या घाला, आणि दोराला हात लावायच्या आधी अंगठ्या काढून ठेवा.